रंगाऱ्याच्या मांडीतला जुना गडी

मित्रांनो, मी एक जुना स्नायू आहे. माझा मुक्काम एका रंगाऱ्याच्या उजव्या मांडीत. कुणाला कधी दिसलो नाही, पण पायजम्याच्या आत राहूनही मी रुबाबात जगलो आहे.

आमचे रंगारीबाबा छत रंगवताना शिडीवरून उतरत नसत. घडीच्या दुपायी शिडीच्या माथ्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचे आणि मांड्यांचा हिसका देऊन शिडीलाच चालायला लावायचे! घरमालक खालून ओरडायचे, "अहो, पडाल!" बाबा म्हणायचे, "माझ्या मांड्या पडू देतील तर ना!" ते ऐकून मी आणखी फुगायचो.

पुढे बाबांनी काम सोडले आणि लेकीच्या मायेने माझा घात केला. "बाबा, तुम्ही बसा, मी देते ना!" चहा हातात, पाणी हातात, चप्पलसुद्धा पायाशी. चावायचा कंटाळा म्हणून बाबा जेवणही चहा-बिस्किटांवर भागवू लागले. यंत्र वापरून झिजते, मी न वापरल्याने झिजलो. वयाने थोडे नेलेच होते, उरलेले आरामाने नेले.

एके सकाळी बाबा संडासात बसले ते उठेचनात. मी जीव तोडून जोर लावला, पण छे! अखेर लेकीने आत येऊन त्यांना उठवले. त्या दिवसापासून दाराला कडी लावायची नाही असे ठरले. मला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मग व्यायाम शिकवणाऱ्या ताई आल्या. "काका, हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, सावकाश बसायचं."

"उठाबशा? शाळेत मास्तरांनी काढायला लावल्या तेवढ्या पुरे की!"

"तेव्हा शिक्षा होती, आता औषध आहे. आणि रोज डाळ, दूध, अंडी खा. नुसत्या बिस्किटांनी मांडी भरत नाही."

सुरुवातीला मी थरथरलो, ठणकलो. पुढे ताईंना विचारून बाबांनी रंगाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरली आणि ते हातांत धरून उठू लागले. झेपेल तशी वाळू वाढत गेली. जुना रुबाब सगळा परत आला नाही, पण कामापुरता मी नक्की भरलो.

परवा बाबांनी आतून कडी लावली. लेक बाहेर श्वास रोखून उभी.

"बाबा, येऊ का?"

"खबरदार!" बाबा गरजले, आणि मी त्यांना उभे केले.

ते बाहेर आले तेव्हा लेकीने डोळे पुसले आणि सवयीने म्हणाली, "आता जरा बसा."

"बसायचं नाव काढू नकोस. चहा मी टाकतो."

मित्रांनो, घरातल्या वडीलधाऱ्यांवर माया जरूर करा. पण पाण्याचा पेला लगेच हातात देऊ नका. आपला हात पुढे करा आणि म्हणा, "चला, दोघं मिळून आणू." स्वयंपाकघरापर्यंतच्या त्या चार पावलांवरच आम्ही जगतो.