पाटाचं दार

कमांडर नाथाजींचा हात थरथरत होता. बायकोला ते दिसू नये म्हणून त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला होता. राहीबाईंना ते केव्हाच दिसलं होतं.

इस्लामपूरजवळच्या उसाच्या गावातला हा गडी नौदलात गेला, बारा गावचं पाणी प्यायला आणि पुढं तरण्या अधिकाऱ्यांना सागरी युद्धनीती शिकवू लागला. शिकवणं कसलं, गावचा पाण्याचा पाटच फळ्यावर काढायचे. समुद्राची मालकी जहाजं मोजून ठरत नाही, म्हणायचे. अरुंद तोंडाशी, म्हणजे पाटाच्या दारावर, कोण बसलंय त्यावर ठरते. आणि दारावरचा माणूस धमक्या कितीही देवो, दार बंद करत नाही, कारण त्याचाही ऊस त्याच पाण्यावर असतो. या वाक्यावर टाळ्या पडत. निवृत्तीनंतर पारावरही ते हेच सांगत, आणि पार निमूटपणे ऐकून घेई.

एकुलता एक जयराज तेलवाहू जहाजावर इंजिनियर होता. आखाताच्या तोंडाशी युद्ध पेटलं आणि त्याचं जहाज बाहेरच नांगर टाकून थांबलं. सकाळी त्याचा फोन आला होता. ज्याला उतरायचंय त्यानं संध्याकाळच्या बोटीनं किनाऱ्यावर जावं, बाकीच्यांनी जहाज घेऊन आत शिरायचं, असं कॅप्टननं सांगितलं होतं.

"आबा, उतरू का?"

"खुशाल जा आत," नाथाजी ऐटीत म्हणाले होते. "दार कुणी बंद करत न्हाई. भिऊन पळायचं न्हाई."

दुपारी टीव्हीवर जळतं जहाज दिसलं. जयराजचं नव्हतं, दुसरंच कुठलं तरी. तोंडावरच्या देशानं पाण्यात सुरुंग पेरले होते. त्याचं स्वतःचं तेलही तिथूनच जात होतं, तरीही पेरले होते.

नाथाजींना चुलता आठवला. भाऊबंदकीच्या रागात त्यानं ऐन चैत्रात पाटाच्या दारात धोंडे भरले होते. नाथाजींच्या बापाचा ऊस वाळला, चुलत्याचाही वाळला, आणि तो बांधावर बसून हसत होता. तुला ना मला, घाल कुत्र्याला! हे लहानपणी डोळ्यांनी पाहिलेला माणूस जन्मभर फळ्यावर शहाण्यांचाच पाट काढत राहिला होता.

त्यांनी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला.

राहीबाई उठल्या. देव्हाऱ्यातले देव त्यांनी तांब्याच्या घंगाळात पाण्यात घालून ठेवले. पोरगं सुखरूप येईपर्यंत ते तिथंच राहणार होते. एरवी नाथाजी म्हणाले असते, की देवांना पोहायला शिकवतेस काय! आज ते त्या घंगाळाकडं नुसते पाहत होते.

"आवं, उतर म्हणून सांगा त्याला," राहीबाई म्हणाल्या.

"सांगतो. लागू दे तर."

दिवेलागणीला फोन वाजला. जयराजच होता. नाथाजी जवळजवळ ओरडलेच, "जयराज, उतर! आत्ताच्या आत्ता उतर!"

मागं इंजिनाची घरघर होती. पोराला ऐकू आलंच नाही.

"आबा, बोट गेली. मी न्हाई उतरलो. दोघं भ्याले हुते, त्यास्नीबी तुमचं सांगितलं. तेबी थांबले. आता निघालोय आमी." मग लहानपणी अंधारात विहिरीकडं जाताना विचारायचा तशा आवाजात त्यानं विचारलं, "आबा, दार कुणी बंद करत न्हाई, हे खरं हाय न्हवं?"

टीव्हीवर तेच जहाज अजून जळत होतं. राहीबाईंनी पुढं होऊन टीव्हीचा आवाज बंद केला आणि नवऱ्याचा हात आपल्या हातात धरला.

"व्हय रं लेकरा," नाथाजी म्हणाले. "अगदी खरं हाय."