लिफ्ट अगदी नव्यासारखी

"ज्या शहराचे पूल टिकतात, त्या शहराची माणसं टिकतात!" परीक्षक मंडळाच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, आणि टाळ्या चालू असतानाच ते फोटोसाठी पादचारी पुलाच्या लिफ्टला रेलून उभे राहिले. रेलले ते ठीक. निघाले तेव्हा दारावरची चिकटपट्टी त्यांच्या कोटाच्या पाठीवर आली होती. 'वापरण्यापूर्वी काढणे.' पुढचा सगळा कार्यक्रम अध्यक्ष ती सूचना पाठीवर वागवत हिंडले. ती काढणं नेमकं कोणत्या खात्याचं काम, हे कोणालाच ठरवता येईना.

पूल बांधणारा अभियंता किल्ल्यांचा जुडगा घेऊन लिफ्टपाशी उभा होता. शेजारी खुर्चीवर त्याचे वडील बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. घरीदारी सगळे त्यांना अण्णा म्हणत. आज सकाळी ते स्वतःहून "मीपण येतो" म्हणाले होते. पुलाला मिळणारं बक्षीस बघायचं असेल, असं मुलाला वाटलं होतं. बरंही वाटलं होतं.

"इतके दिवस झाले, आणि एक ओरखडा नाही!" अध्यक्ष लिफ्टमध्ये डोकावत म्हणाले. "हे जमवलंत कसं?"

"काळजीपूर्वक देखभाल," अभियंता म्हणाला.

"कुलूप," अण्णा म्हणाले.

अध्यक्ष खूप हसले आणि चहाकडे वळले.

अभियंता आळशी नव्हता, लबाड तर नव्हताच. शहरातल्या आधीच्या पुलांच्या लिफ्टा त्याने डोळ्यांदेखत मरताना पाहिल्या होत्या. फीत कापायला गर्दी होते, तेल घालायला कोणी फिरकत नाही, हे त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. म्हणून देखभालीची तरतूद मंजूर झाल्याशिवाय दार उघडायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. तरतुदीचा प्रस्ताव वर गेला होता. लिफ्ट तेवढी वर गेली नव्हती.

अडचण एवढीच की रस्त्याच्या अलीकडे अण्णा राहायचे आणि पलीकडे त्यांची धाकटी बहीण. अभियंत्याची आत्या, अण्णांची चिमी. ऐंशीला टेकलेली चिमी. रस्ता रुंद होण्याआधी ती रोज दुपारी पत्ते खेळायला यायची, राजरोस लबाडी करायची आणि पकडली गेली की "दादा, तुला मेलं नीट दिसत नाही" म्हणून अण्णांनाच झापायची. मग मधे दुभाजक आला, वर पूल आला. पायऱ्या दोघांच्याही गुडघ्यांना झेपणाऱ्या नव्हत्या. फोनचाही उपयोग नव्हता. चिमीने जन्मभर कोणाचं ऐकलं नव्हतं; आता तर तिला ऐकूही येत नव्हतं.

तेव्हा दोघांनी आपली आपण सोय केली. दिवेलागणीला चिमी बाल्कनीतला दिवा लावायची. इकडून अण्णा लावायचे. मग ती बंद करायची, मग हे. म्हणजे दोघंही आहेत; आता जेवायला हरकत नाही.

"रविवारी गाडीने वळसा घालून नेतो तुम्हाला," मुलगा म्हणायचा.

"बैठक नसली तर," अण्णा वाक्य पुरं करायचे.

बैठक असायची. बहुतेकदा देखभालीचीच.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी चिमीने दिवा लावला, अण्णांनी लावला, आणि तिने बंद केलाच नाही. अण्णांनी बराच वेळ वाट पाहून मुलाला हाक मारली. तो पायऱ्या चढून धावत गेला, शेजाऱ्यांकडची किल्ली घेऊन आत शिरला, आत्याला इस्पितळात नेलं. ती परत आली नाही. "तुम्हाला सोसायचं नाही" म्हणून त्याने अण्णांना शेवटचं बघायलाही नेलं नाही. तिच्या घराची किल्ली त्याने लिफ्टच्याच जुडग्यात अडकवली. अण्णांच्या बाल्कनीतला दिवा तेव्हापासून दिवसरात्र जळत होता. मुलगा येताजाता तो बंद करायचा. अण्णा पुन्हा लावायचे.

"चला अण्णा," अध्यक्ष चहाकडे वळल्यावर अभियंता म्हणाला, "आज लिफ्ट उघडीच आहे तर पलीकडे नेऊन आणतो."

अण्णा लगेच उठले. लिफ्ट आवाज न करता वर गेली. आतल्या प्लास्टिकच्या आवरणाला अण्णांचा सदरा घासला, तेवढीच काय ती सळसळ. खालून वाहनं धावत होती. दोघं हळूहळू पूल चालून गेले आणि दुसऱ्या लिफ्टने उतरले. सगळं मिळून चहाला उकळी फुटायला लागतो तेवढाच वेळ गेला.

अण्णांनी मागे वळून पाहिलं.

"एवढंच होतं होय रे?"

अभियंत्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तरतुदीबद्दलची सगळी वाक्यं त्याला तोंडपाठ होती.

"अण्णा, मी..."

"छान झालाय पूल." ते टोमणा मारत नव्हते, आणि तेच जास्त अवघड होतं.

समोर चिमीची इमारत होती. तिथली जुनाट, रोज राबणारी लिफ्ट कुरकुरत कोणाला तरी खाली आणत होती. वर बाल्कनीत, भर उन्हात, एक फिकट दिवा जळत होता. अण्णांनी हात पुढे केला.

"चिमीची किल्ली दे. दिवा बंद करून येतो. तेवढा वेळ ही पुलाची लिफ्ट उघडी ठेवशील?"