बाजूच्या सीटसमोर

पुसता पुसता मास्तरांच्या लक्षात आलं की खडूचं वर्तुळ कुठे दिसत नाही.

गाडीतून काढून टेबलावर ठेवलेला डॅशबोर्ड त्यांनी उजेडाकडे फिरवला. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत लावला, जणू चूक चष्म्याचीच असावी. डॅशबोर्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत होता. भरलेला, घासलेला, रंगाचा पहिला हात दिलेला. कुठे भेग नाही की खड्डा नाही. इतकं सफाईदार काम त्यांच्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, आणि घोळ तोच होता.

"खाल्ली माती," ते स्वतःशीच म्हणाले.

मास्तर गाड्यांच्या सीटा शिवायचे. शिवणकाम करतात म्हणून मास्तर, एवढंच. शाळेशी त्यांचा संबंध फार लवकर तुटला होता. एका शटरचं दुकान, भिंतीला टेकवलेली रेक्झिनची भेंडोळी, एक मशीन आणि रेक्झिन चिकटवायच्या सोल्युशनचा वास. बायको म्हणायची, तुमच्याआधी तो वास घरात येतो. दुकानाबाहेर मास्तरांची स्कूटर उभी असायची आणि तिची सीट मागच्या कडेला फाटून आतला फोम बाहेर आलेला असायचा. गिऱ्हाईकं बघून हसत. मास्तरही हसत. उन्हाने गेली, म्हणत, बसवू कधीतरी नवीन.

डॅशबोर्ड ज्या निळ्या गाडीचा, ती ओव्हरसियरांची. ओव्हरसियर निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण हुद्दा मागे चिकटला तो चिकटलाच. गाडी त्यांच्या तरुणपणातली. तसली गाडी आता रस्त्यावर दिसली की लोक थांबून बघायचे. पत्रा अजून खणखणीत होता, डॅशबोर्ड मात्र तडकला होता. स्टीअरिंगपासून घड्याळापर्यंत अशा भेगा की बोट जाईल.

"वरून रेक्झिन चढवू का?" मास्तरांनी त्यांना विचारलं होतं. "भेगा बघायलाच नकोत."

"नको, झाकू नका. भरा आणि रंग द्या. आणि एवढा कोपरा सोडा."

बाजूच्या सीटसमोरच्या कडेवर त्यांनी बोट ठेवलं. तिथे नखांच्या खुणा होत्या, बारीक चंद्रकोरीसारख्या, एकाशेजारी एक.

"ही आमची," ओव्हरसियर म्हणाले. "मी ब्रेक मारला की इथे धरायची. मी हसायचो. काय घाबरतेस म्हणायचो." आताही ते हसले, पण अर्धवटच. "गेल्या वर्षी गेली, आजारपणात. कपडे मुलीने नेले, भांडी सुनेने नेली. हे कुणाला मागता आलं नाही म्हणून माझ्याकडे राहिलं."

"काळजीच सोडा," मास्तर म्हणाले होते, आणि त्यांच्या देखत खडूने त्या जागेभोवती छान वर्तुळ काढलं होतं.

आणि आज सकाळी भराव घालण्याआधी सबंध डॅशबोर्ड थिनरने पुसून काढला होता. थिनरला काय, मळ काय आणि खडू काय. पुढे एक भेग भरली, दुसरी भरली, तिसरी भरली. हात चालायला लागले की मास्तरांचं डोकं सुट्टीवर जातं, हे बायको लग्नापासून सांगत होती. हातांनी जिथे जिथे खड्डा लागला तिथे तिथे भरलं. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

संध्याकाळी ओव्हरसियर गाडी न्यायला येणार होते.

मास्तरांनी त्या कोपऱ्यातला भराव पात्याने खरवडून बघितला. भराव निघाला, पण जुनं कातडंही घासून पातळ झालं होतं. खुणांचा मागमूस उरला नव्हता.

शेजारच्या गाळ्यातला पेंटर डोकावला. "काय मास्तर, काम तर फर्स्टक्लास झालंय. मग तोंड का पाडलंय?"

मास्तरांनी सांगितलं.

"हात्तिच्या. चार रेघा तर आहेत. चमचा घ्या, दाबा. म्हातारा काय भिंग घेऊन बसणार आहे?"

पेंटर गेला. मास्तरांना स्वतःची लाज वाटली, पण चमचा त्यांनी शोधलाच. कोपऱ्यात नवा भराव घालून चमच्याची कड दाबली. ठसा उमटला तो चमच्याचा. त्यांनी तो पुसला आणि आपली नखं दाबून बघितली. खिळ्यांनी आणि सोल्युशनने त्यांची नखं झिजून बोथट झालेली. पाना टेकवल्यासारखे दिसणारे ठसे त्यांनी अंगठ्याने सपाट केले आणि स्टुलावर बसून राहिले. माणूस विश्वासाने एकच गोष्ट मागून गेला होता. बाकी सगळं केलं, नेमकी तेवढीच घालवली.

डबा घेऊन बायको आली तेव्हा ते तसेच बसले होते.

"बरं नाही का?" तिने विचारलं.

त्यांनी तिलाही सांगितलं. तिने डबा मशीनवर ठेवला आणि डॅशबोर्डकडे बघितलं.

"मग सांगा त्यांना सरळ."

"कसं सांगू? बाईचं तेवढंच राहिलं होतं त्यांच्याकडे."

"चुकलं म्हणून सांगायचं. माणूस रागावेल, बोलेल, गप्प बसेल."

"गप्प बसला तर?" मास्तर म्हणाले. "ते मला बघवणार नाही." मग तिच्या हातांकडे बघत म्हणाले, "तुझी नखं जरा दे ना."

तिला आधी कळलंच नाही. कळल्यावर ती मागे सरली. "माझ्या नखांनी ती बाई परत येणार आहे का?"

"नाही येणार."

"मग?"

मास्तरांनी कोपऱ्यातला सपाट केलेला भराव पुन्हा खरवडायला घेतला. शेवटी तिनेच पदर खोचला. "बोला, कुठे दाबायचं?"

टेबलावर ठेवून जमेना, हात वरून पडत होता. मास्तरांनी डॅशबोर्ड उचलून गाडीत नुसताच टेकवला, कोपऱ्यात ताजा भराव घातला आणि बाजूच्या सीटचं दार उघडलं. बायको आत बसली. सीटवरून तिने हात फिरवला. त्यांनी शिवलेल्या कितीतरी सीटा तिने दुकानात बघितल्या होत्या, पण गाडीत बसवलेल्या सीटवर बसण्याची तिची ही पहिलीच वेळ. हे तिच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे, मास्तरांच्या आलं.

"नखाला राहील हे?"

"थिनरने निघेल."

तिने हात पुढे करून बोटं टेकवली. पाहुण्यांकडे बिस्कीट उचलावं तशी.

"अशी नाही. घाबरल्यावर धरतेस तशी."

"गाडीत बसले असते तर घाबरले असते."

मास्तर दुसऱ्या बाजूने येऊन स्टीअरिंगपुढे बसले. "बघ, समोरून ट्रक आला."

ती हसायला लागली. "कुठाय? पेंटर आहे तो."

मास्तरही हसले. पण भराव सुकत होता आणि त्यांचं लक्ष सगळं तिच्या बोटांकडे होतं. "आठव ना काहीतरी. कधी घाबरली होतीस?"

ती समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिली. मग साध्याच आवाजात म्हणाली, "थोरलीच्या वेळी. रिक्षातून दवाखान्यात जाताना. खड्डा आला की वाटायचं, आता काही खरं नाही. तुम्ही म्हणालात, तू हो पुढे, एवढी सीट बसवून आलोच. शेजारीण होती बरोबर. तिचा हात धरला होता मी. नंतर कितीतरी दिवस सगळ्यांना दाखवत फिरायची, बघा हिने काय केलं म्हणून. वळ होते."

बोलता बोलता तिची बोटं आवळली. सांधे पांढरे पडले. मास्तरांना ती सीट आठवत नव्हती, गाडी आठवत नव्हती. कुणाला एवढी घाई होती तेही आठवत नव्हतं.

"बास?" तिने विचारलं.

"बास."

तिने हात काढला. कडेवर चार खोल चंद्रकोरी उमटल्या होत्या. ती उतरली, नखं पुसली आणि म्हणाली, "जेवून घ्या." थिनर लावूनही नखांच्या कडा काळ्याच राहिल्या होत्या. तशाच हातांनी ती घरी गेली.

मास्तरांनी भराव पंख्याखाली सुकवला, वरून हलका रंग मारला आणि डॅशबोर्ड कायमचा बसवला. जेवण मात्र गेलं नाही.

संध्याकाळी ओव्हरसियर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ली. डॅशबोर्ड बघून त्यांचा चेहरा उजळला. "वा, काय काम केलंत." भेगांच्या जागी हात फिरवत ते घड्याळापर्यंत आले. मग गाडीला वळसा घालून बाजूच्या सीटवर बसले. दार उघडंच होतं. मास्तर दाराशी उभे राहिले आणि हातातलं फडकं पिळत राहिले.

ओव्हरसियरांनी अंगठा त्या खुणांवरून फिरवला. एकदा सावकाश, मग पुन्हा.

"मास्तर, हिला करंगळीचं नख नव्हतं," ते म्हणाले. "घाबरली की चावायची. तीनच खुणा होत्या."

मास्तरांच्या हातातलं फडकं थांबलं. सांगायचं बरंच होतं. पुसताना वर्तुळ गेलं, हात थांबले नाहीत, तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. त्यातलं एवढंच बाहेर आलं, "माझ्या हातून गेल्या. चुकलं माझं."

"मग या कुणाच्या?"

"माझ्या बायकोच्या."

मास्तरांना ज्याची भीती होती तेच झालं, माणूस गप्प बसला. शेजारी पेंटरचा कॉम्प्रेसर सुरू होऊन बंद झाला. ओव्हरसियरांचा अंगठा अजून त्या चौथ्या खुणेवरच होता.

"खूपच घाबरल्यात त्या," शेवटी ते म्हणाले. "कशाला?"

"जुनंच काहीतरी आठवलं तिला," मास्तर म्हणाले. "मी नव्हतो तेव्हाचं."

ओव्हरसियरांनी मान हलवली. उतरले, बाजूच्या सीटचं दार हळूच लावलं आणि स्टीअरिंगपुढे जाऊन बसले. मास्तरांनी खिडकीशी वाकून म्हटलं, "मजुरी नको, साहेब." ती ओव्हरसियरांनी आल्याआल्याच दुकानातल्या मशीनवर ठेवली होती, ती काही त्यांनी परत घेतली नाही. किल्ली फिरवून थांबले.

"त्यांना सांगा, आता मी गाडी हळू चालवतो," ते म्हणाले. "हिच्या वेळी नाही चालवली. त्यांना मात्र सांगा."

निळी गाडी गल्लीतून निघाली. खरंच इतकी हळू की मागचा सायकलवाला घंटी वाजवत बाजूने पुढे गेला.

घरी बायकोने दार उघडताच विचारलं, "ओळखलं?"

"ओळखलं. तुझ्या करंगळीने."

"मी म्हणत होते. रागावले?"

"नाही. तुला निरोप दिलाय, गाडी हळू चालवतो म्हणून."

तिने त्यांच्या हातातला डबा घेतला. "बरं," म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. रेक्झिनचा तुकडा मास्तरांनी आदल्या दिवशीच आणून ठेवला होता. दारासमोर स्कूटर लावून त्यांनी सीट उचकटली आणि मांडीवर घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते गिऱ्हाइकाची सीट बघावी तसे तिच्याकडे बघत होते. मागच्या कडेला, जिथे मागे बसणाऱ्याचा हात पोचतो तिथे, रेक्झिनवर चंद्रकोरी होत्या. एक रांग नाही, एकावर एक पडून जाळी झालेल्या. काही तर आरपार गेलेल्या. फाटायला सुरुवात झाली होती ती तिथूनच. आणि ते सगळ्या जगाला सांगत होते, उन्हाने गेली.

"अगं, जरा बाहेर ये."

ती हात पुसत आली. मास्तरांनी सीट तिच्यापुढे धरली. "हे तुझं?"

"मग कुणाचं? मागे दुसरी कोण बसते?"

"कधी बोलली नाहीस."

"बोलले की. तुम्ही म्हणायचात, काय घाबरतेस, मी आहे ना."

मास्तरांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "बाकीचं नवं करतो. एवढी कड तशीच ठेवू?"

"कशाला?" ती म्हणाली. "मी आहे की अजून. झाका ते सगळं. आणि जरा हळू चालवत जा."

गॅसवर काहीतरी होतं म्हणून ती आत गेली. मास्तरांनी रेक्झिन ओढून घेतलं. कड दुमडण्याआधी त्या जाळीवरून एकदा अंगठा फिरवला, मग खिळे मारायला घेतले.