सहा वाचनांची वही

दिनांक ४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. रक्तदाब १५८ वर ९४. वाचन पहिले.

वहीतली ही ओळ गणपतरावांच्या हातची होती. दोनच मिनिटांपूर्वी त्यांच्या पत्नी जिजाबाईंच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला होता आणि "सांडला" हा शब्द त्यांच्या जिभेवर अडखळला होता. पॉलिटेक्निकमधून निघाल्यावर गणपतरावांनी कळमेश्वरच्या कारखान्यात बत्तीस वर्षे पंपाच्या मोटारी तपासल्या. अर्ध्या अर्ध्या तासाने घेतलेली मीटरची तीन वाचने जुळल्याशिवाय कोणतीही मोटार त्यांनी सदोष ठरवली नव्हती. निवृत्तीनंतर नरखेड तालुक्यातल्या गावी आले, तरी हा नेम सुटला नव्हता.

दंडाला पट्टा बांधला जात असताना जिजाबाई जडपणे म्हणाल्या, "मी का मोटार हाय जी?"

ते हसले होते. ते हसणे पुढे त्यांना फार बोचले.

तिन्ही वाचने जुळली नाहीत. यंत्रावर संशय घेऊन त्यांनी सेल बदलले आणि पुन्हा पहिल्यापासून तीन घेतली. मधल्या वेळात सूनबाई दीपमालेने दोनदा गाडीचे नाव काढले. दोन्ही वेळा त्यांनी तिला, घाईत निदान चुकते, असे समजावले. सव्वाअकरा वाजता ती सरळ दारात येऊन उभी राहिली.

"मामाजी, आईचं तोंड वाकडं होऊन राहिलं अन् तुम्ही लिहूनच राहिले. मी शेजारच्या गोपाळरावांची गाडी बोलावली."

नागपूरच्या इस्पितळात पोहोचले तेव्हा दीड वाजला होता. मेंदूचे स्कॅन झाल्याशिवाय इंजेक्शन देता येत नव्हते. स्कॅनचा अहवाल हाती येईतो एक पंचावन्न झाले. मेंदूतली रक्ताची गुठळी इतक्या बारीक वाहिनीत होती की आत तार घालून ती काढणेही शक्य नव्हते. तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टर वैभवी यांनी त्रास नेमका कधी सुरू झाला ते विचारले. बहुतेक नातेवाईक अशा वेळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. गणपतरावांनी वही पुढे केली.

डॉक्टरांनी सहाही ओळी वाचल्या. गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यायचे असते, त्यानंतर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, हे त्यांनी शांतपणे सांगितले. ती मुदत एक अडतीसला संपली होती. रक्तदाबाचा आकडा काहीही असो, हात लुळा पडला, जीभ अडखळली की त्याच क्षणी निघायचे असते, हेही सांगितले. मग वही परत देताना म्हणाल्या, "काका, इतकी नीट नोंद मी आजवर कोणाच्या घरची पाहिली नाही."

एखाद्याने शिवी दिली असती तर ती त्यांना सोसली असती.

चारच दिवसांत रक्तदाब स्थिरावला. आठव्या दिवशी घरी सोडताना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी जिजाबाईंना नवऱ्याची बोटे दाबायला सांगितले. पूर्ण ताकदीला पाच गुण, नुसत्या थरथरीला एक, असा त्यांचा हिशेब. गणपतरावांनी हात पुढे केला. त्यांच्या तळव्यात जिजाबाईंची बोटे नुसती थरथरली, वळली मात्र नाहीत. जिजाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

पुन्हा एकदा करून पाहू का, असे बाईंनी विचारले. गणपतरावांनी मान हलवून नको म्हटले आणि एकाच वाचनावर नोंद केली.

उजवा हात, पाचपैकी एक.