दोन गावांची बेरीज

चंदाने भिंतीवर ‘जिंकले’ लिहिलं आणि शेजारी ‘हरले’ लिहायला ब्रश उचलला, तसा जयरामने रंगाचा डबाच उचलून मागे ठेवला.

“हरलेलं नाय लिवायचं.”

“का?”

“नवा संघ हाय. शून्यापासून सुरू करू.”

सापगावच्या मुलींना जयराम कबड्डी शिकवायचा, किन्हवलीच्या मुलींना चंदा. कुणाची लग्नं झाली, कुणी कल्याणला नोकरीला लागल्या. सापगावात चार मुली उरल्या, किन्हवलीत पाच. सात जणींशिवाय मैदानात उतरता येत नाही, म्हणून दोन्ही गावांनी मिळून एकच संघ करायचं ठरवलं. नावावरून भांडण झालं नाही. घोडं अडलं ते आजवरच्या हार-जितीवर. सापगाव अठ्ठ्याहत्तर सामने जिंकलं होतं, एकतीस हरलं होतं. किन्हवलीने चाळीस जिंकले होते आणि पासष्ट हरले होते.

“सरळ सांग ना दादा,” चंदा म्हणाली, “आमची हार तुमच्या नावाला नको.”

जयराम डब्याचं झाकण लावत राहिला.

“त्या पासष्टातले कितीतरी मी खेळलेय. गुडघा गेला तो त्यातच. त्याला शून्य कशी म्हणू?”

तो डबा उचलून चालू लागला. भिंत अर्धीच राहिली.

सराव सुरू झाला. सुरुवातीला जयराम फक्त आपल्याच मुलींच्या चुका काढायचा. किन्हवलीच्या मुली दमून बसल्या तरी त्यांच्याकडे बघायचा नाही. मग एका संध्याकाळी त्याने किन्हवलीच्या सोमीला चढाईतून परत बोलावलं.

“वळताना डावा पाय मागं ठेवतेस, म्हणून सापडतेस. तो आधी काढ.”

दुसऱ्या दिवशी सोमी सापगावच्या कुणालीच्या हातातून निसटली. आजवर कुणालीची पकड सहसा सुटत नसे. ती मातीत बसून हसायला लागली, आणि तिच्याकडे बघून जयरामही.

मुरबाडच्या स्पर्धेत निवेदकाने पुकारलं, “आता येतोय सापगाव-किन्हवली, पहिल्यांदाच मैदानात उतरणारा नवाकोरा संघ!”

“पोरींनो, जपून!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. सोमीने मान खाली घातली.

जयराम तरातरा मंचाकडे गेला. निवेदकाच्या हातातला माइक त्याने मागून घेतला.

“नवा नाय. दोनशे चौदा सामने खेळलेला संघ हाय आमचा. एकशे अठरा जिंकले.” तो थांबला. मग आणखी मोठ्याने म्हणाला, “शहाण्णव हरले. तरी आलोय खेळायला.”

हशा विरला. बाटलीत पाणी ओतणारी चंदा तशीच उभी राहिली. ही बेरीज तिने त्याला कधी करून दाखवली नव्हती.

तो परत आला तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. मैदानाकडे बघतच विचारलं,

“पयली चढाई कुणाला देऊ?”

“सोमीला.”

“सोमी,” तो ओरडला, “जा गो!”

सोमीने मातीला हात लावून कपाळाला लावला आणि मधली रेषा ओलांडली.