हरलेल्या वकिलाचा कोट

मी एक काळा कोट बोलतोय. सोंगासाठी शिवलेला आहे, हे आधीच सांगतो. हसायचं असेल तर खुशाल हसा, मी कुणाची भीड ठेवत नाही.

माझा जन्म मस्कतच्या वादी अदाई या वस्तीतला. रत्नागिरीच्या बाबामियाँनी मला शिवलं. त्यांची हयात ओमानी पुरुषांचे पायघोळ दिशदाशे शिवण्यात गेली. सवयीनं हात चालला आणि माझ्याही गळ्याशी त्यांनी दिशदाशासारखा गोंडा लावून टाकला.

“चुकलं गो पोरी, उसवून काढतंय,” ते म्हणाले.

“नको चाचा, राहू दे. मस्त दिसतो,” जिच्यासाठी मी शिवला गेलो ती किशोरी म्हणाली. पोरगी मला तिथेच आवडली.

मराठी मंडळाची स्पर्धा होती: कुणीतरी थोर व्हा आणि आपली जीवनकथा सांगा. बाकीची मुलं राजे आणि संत झाली. किशोरीनं मात्र एकोणिसाव्या शतकातला एक अमेरिकन वकील मनानं रचला. पळून आलेल्या गुलामांचे खटले लढणारा. लोकांनी त्याला तिकडच्या संसदेत, काँग्रेसमध्ये, निवडून दिलं. गुलामांना पकडून मालकाकडे परत पाठवण्याचा कायदा आला तेव्हा त्यानं स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत दिलं आणि पुढच्या निवडणुकीत आपटला.

तालमीला मंडळाच्या प्रशांतकाकांनी नाक मुरडलं. “निवडून येतो तिथेच संपव. हरलेल्याला कोण बक्षीस देतं?”

“पण काका, तो हरला ना? मग मी जिंकला असं कशी बोलू?”

तिचं मराठी अडखळतं, पण कणा ताठ आहे. तो मी आतून पाहिलाय.

स्पर्धेच्या दिवशी वकील निवडून आला आणि टाळ्या पडल्या. विंगेतून काकांनी हातानंच ‘खलास’ केलं. किशोरी हलली नाही.

“थांबा, माझं संपलं नाही,” ती म्हणाली. “मी हरलो. ज्यांच्यासाठी लढलो, त्यांना मतच नव्हतं. पण उद्या सकाळी माझं ऑफिस उघडं आहे. ज्याचं कुणी नाही, त्यानं यावं.”

मागच्या रांगेत एकटे बाबामियाँ उठून उभे राहिले.

बक्षीस दुसऱ्यालाच मिळालं. आता मी किशोरीच्या कपाटात असतो आणि तिला खांद्यात आखूड होऊ लागलोय. उद्या मला दुसऱ्या कुणाला द्याल तर जरूर द्या. पण बक्षिसासाठी त्या माणसाची हार लपवणाऱ्याच्या अंगावर मी बसायचा नाही. भर स्टेजवर शिवणीत उसवेन.