सिसिलीची जादा ओळ

सिसिलीला स्वच्छतेचं भारी वेड. समोरच्याचा चहा संपतो न संपतो तोच कप विसळून पालथा. कोचीतल्या त्या लहानशा कंपनीत मच्छीमार बोटींसाठी वादळाचा इशारा देणारं यंत्र बनत होतं. त्याच्या प्रोग्रामचं वरचं काम पायथन भाषेत, ते अनूपचं. आतलं वेगाचं काम सी भाषेत, ते सिसिलीचं. यंत्र टेबलावर महिनाभर गुमान चालायचं, अन् समुद्रात गेलं की सहा-सात तासांत मान टाकायचं.

"चेची, आता समुद्रातली शेवटची फेरी," अनूप म्हणाला. वयाने मोठी म्हणून तो तिला चेची, म्हणजे ताई, म्हणायचा. "पुन्हा बंद पडलं तर तुमचा भाग काढून बाहेरून तयार घेऊ."

तो वाईट बोलला नव्हता, म्हणूनच तिला जास्त लागलं. बारा वर्षं घरी बसून पन्नाशीत धरलेली नोकरी; ही गेली तर तिला कोण विचारणार होतं?

दोघं ओळ न् ओळ वाचायला बसले. एका जागी अनूपचं बोट थांबलं.

"लाटेची नोंद रिकामी आली, की तुम्ही ती सोडून देता?"

"मग? वापरलं की सोडायचं. पसारा नाही ठेवत मी."

"पण ती तुमची कुठे होती? नोंदींच्या यादीने तुम्हाला नुसती बघायला दिली होती."

सिसिलीने ती ओळ पुन्हा वाचली. पायथनमध्ये प्रत्येक वस्तू किती जण धरून आहेत याचा आकडा ठेवतात. आकडा शून्य झाला की वस्तू मोडीत. आणि 'रिकामं' म्हणून सगळ्या प्रोग्रामला मिळून एकच वस्तू. स्वतः न धरलेली ती वस्तू सिसिली दर वेळी सोडत होती, आकडा एकेकाने उतरत होता. टेबलावर नोंद रिकामी येतच नसे. समुद्रात हिंदकळ्यांनी मिनिटाला दहा यायच्या; सहा-सात तासांत आकडा शून्यावर, आणि सगळा प्रोग्राम बंद.

"माझीच चूक रे," ती म्हणाली. तिने ती ओळ पुसली, आणि वर लिहून ठेवलं की कुठली वस्तू आपली आणि कुठली नुसती बघायला मिळालेली.

"हे माझ्याही फायलीत लिहून द्या," अनूप म्हणाला. "मीही असलेच घोळ घालतो."

चाचणीला आपली मच्छीमार बोट देणारे सेवस्त्यानचेट्टन, म्हणजे सेवस्त्यानदादा, कुरकुरतच यंत्र घेऊन बोटीवर गेले. तीन दिवस सिसिली फोन हाताशी ठेवूनच वावरली.

चौथ्या सकाळी बोट धक्क्याला लागली. चेट्टनचा फोन अनूपने मोठ्या आवाजावर लावला.

"यंत्र एकदाही बंद पडलं नाही. काल वारा उठायच्या आत माघारी फिरलो. मासे काही मिळाले नाहीत, पण त्यासाठी तुम्हाला शिव्या देता येत नाहीत. आणखी सहा बोटी विचारतायत. कधी देता?"

अनूपने फोन सिसिलीपुढे सरकवला. "सांगा, चेची. किती दिवस लागतील तुम्हाला?"